दर्पणबाबा आणि न बोलणाऱ्या बाई

बंद पडलेल्या फर्निचरच्या शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. जिथे एकेकाळी सोफे मांडलेले असत तिथे माणसं दाटीवाटीने बसली होती. समोर काळ्या पडद्याला पाठ टेकून दर्पणबाबा. मांडीवर काळा आरसा, डोळे अर्धवट मिटलेले.

"दिसतंय... दिसतंय! किल्ल्यांचा जुडगा. त्यात एक पितळी किल्ली. हरवून चार दिवस झाले?"

"तीन, बाबा."

"चौथा लागलाच की!"

हॉलभर 'अहाहा' झालं. जुडगेवाला बाबांच्या पायांवर कोसळला. जुडगा काही मिळाला नव्हता, पण त्याची आठवण कुणाला होती!

रांगेत शिंपीकाका अंग चोरून बसले होते. कापडाचं गाठोडं सावरत बसमधून उतरताना त्यांचा फोन सीटवर राहिला होता. नुसता फोन गेला असता तर त्यांनी कपाळाला हात लावून दुसरा घेतला असता. पण त्या फोनमध्ये बाईंचा आवाज होता.

बाई म्हणजे त्यांची बायको. शाळेत गणित शिकवायची, म्हणून सगळ्या गल्लीची 'बाई'. घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांना स्वरयंत्रच काढावं लागलं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तिने फोनपुढे बसून होणाऱ्या नातवंडासाठी गोष्ट सांगून ठेवली, पाढे म्हटले, आणि शेवटी नेहमीच्या सुरात, "अहो, चहा निवतोय. मशीन थांबवा आता." लेक दहादा म्हणाली होती, "अप्पा, ते दुसरीकडे उतरवून ठेवा." काका दर वेळी म्हणत, "उद्या."

"पाणी घ्या, काका," जग घेऊन फिरणारी एक मावशी शेजारी टेकली. "किती सुकलाय हो चेहरा! काय हरवलं?"

इतक्या मायेने कुणी विचारलंच नव्हतं. घरी त्यांनी 'फोन दुरुस्तीला टाकलाय' अशी थाप मारली होती. काकांनी मन मोकळं केलं. बस कुठली, सीट मागची, निळ्या कापडाचं कव्हर स्वतः शिवलेलं, लाल दोऱ्याचं, आतून कोपऱ्यात रफू केलेलं. मावशीने डोळे पुसले आणि पाणी भरायला पडद्यामागे गेली.

काकांचा नंबर लागला तेव्हा बाबा थरथरले. "निळं कापड... लाल दोरा... बसची मागची सीट... आणि एका बाईचा आवाज!"

काका पुढे सरकले. "मिळेल ना, बाबा?"

"आरसा ओढतोय त्याला. फक्त आठवडाभर कुठे चौकशी करायची नाही. डेपोत नाही, चौकीत नाही. विचारलंत की वाट तुटली!"

काकांनी आठवडा तोंडाला कुलूप लावून काढला. फोन आला नाही. शेवटी त्यांनी बाईंपुढे सगळं ओकून टाकलं. बाईंनी पाटी ओढून लिहिलं, 'डेपोत विचारलंत?'

"अगं, बाबांना विचारल्याशिवाय कसं जाऊ? वाट तुटली तर?"

बाईंनी पाटी खसकन पुसली. 'चला. आधी तुमचे बाबा.'

त्या गळ्याला स्कार्फ गुंडाळून रांगेत बसल्या. काकांना त्यांनी दाराशीच थांबवलं. मावशी आली. "काय हरवलं हो, ताई?" बाई नुसत्या हसल्या. मावशीने पाठीवरून हात फिरवला, सुस्कारे टाकले, पुन्हा विचारलं. बाई पुन्हा हसल्या. मावशी वैतागून पुढच्या माणसाकडे वळली, आणि त्याचं ऐकून भरल्या जगासकट पडद्यामागे गेली.

नंबर लागला तशी बाईंनी पाटी वर धरली, 'माझं काय हरवलंय?'

बाबांनी आरसा डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, फुंकर मारली. "दागिना."

बाईंनी मान हलवली.

"आज आरशावर मळभ आहे... घरातलं माणूस? मुलगा रुसून गेलाय?"

मान पुन्हा हलली. हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. बाबा घामाघूम झाले. "तुमच्या मनात श्रद्धा नाही, म्हणून आरसा बोलत नाही!"

बाईंनी शांतपणे स्कार्फ सोडला. गळ्यावरचं भोक सगळ्यांना दिसलं. समोर बसलेल्या बाईचा आवाज गेलाय, हेही त्या आरशाला दिसलं नव्हतं. मग त्यांनी पाटी पुसून लिहिलं आणि ती लोकांकडे वळवली, 'मावशीचा जग भरलेलाच असतो. मग ती सारखी पडद्यामागे कशाला जाते?'

काका दारातून पुढे आले आणि त्यांनीच पडदा ओढला. मागे नळ नव्हता. बाबांच्या कानाच्या उंचीवर पडद्याला एक फट होती, आणि तिला तोंड लावून मावशी वाकून उभी होती.

कुणीतरी ओरडलं, "पडद्याला हात लावला! आता माझं कसं दिसणार?" दोघांना ढकलत बाहेर काढलं गेलं. मागे रांग पुन्हा सरळ झाली.

डेपोतल्या कारकुनाने काकांचं बोलणं ऐकून कपाळाला आठ्या घातल्या. "निळं कव्हर? कंडक्टरने त्याच दिवशी जमा केला होता. मालक घेऊन गेला की."

"मालक मी आहे हो!"

"त्याने बस सांगितली, सीट सांगितली, लाल दोरा सांगितला. आतलं रफूसुद्धा. आता एवढं मालकाशिवाय कुणाला ठाऊक असणार?"

काका मटकन बाकावर बसले. एवढं त्यांनी एकट्या मावशीला सांगितलं होतं. चौकीत तक्रार घेतली, पण हवालदाराने खोटा धीर दिला नाही. "एव्हाना सगळं पुसून विकला असेल, काका."

"तुझा आवाज मी घालवला," घरी आल्यावर काका म्हणाले.

बाईंनी लिहिलं, 'आवाज आजाराने नेला. तुम्ही फक्त विचारायचं सोडलंत.' पाटी ठेवून त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी काका शोरूमच्या दारात जाऊन उभे राहिले. पडदा शिवून पुन्हा टांगला होता. "ऐका हो," ते एकेकाला सांगू लागले, "तुमच्या वस्तूच्या खुणा इथे कुणाला सांगू नका. जिथे हरवली तिथे जाऊन आधी विचारा. आजच विचारा. जो विचारू नका म्हणतो, त्याला का म्हणून विचारा. माझं गेलं ते परत येणार नाही, तुमचं अजून तिथे असेल!"

कडेवर मूल घेतलेली एक बाई त्यांच्याकडे बघत थांबली. मागून कुणीतरी म्हणालं, "काका, बाजूला व्हा, नंबर जातोय." ती पुढे सरकली.