दार तिकडे, मी इकडे

मी किल्ली बोलतेय. निवांत बसून सांगेन म्हणाल, तर ते माझ्या नशिबात नाही. या घटकेलाही मी एका कोटाच्या खिशात आहे आणि पाच बोटं मला गरागरा फिरवताहेत.

माझा जन्म फुटपाथवरचा. किल्लीवाल्याने मूळ किल्ली समोर धरली, माझ्यावर कानस चालवली आणि दहा मिनिटांत म्हणाला, "घ्या, चालेल." चालेल म्हणे! माझा एक दात जरा आखूड राहिला तो राहिलाच. त्यामुळे मला किंचित वर उचलून फिरवावं लागतं. मूळ किल्ली गेली घरच्या बाबांकडे आणि माझी रवानगी झाली दाराबाहेरच्या एका जुन्या बुटात.

बाबा लांब पल्ल्याची बस चालवायचे, आई दवाखान्यात नर्स. एकाची चप्पल घरात आली की दुसऱ्याची निघालीच म्हणून समजा. शाळेतून येऊन बुटात हात घालायची ती त्यांची एकुलती एक लेक. केस कायम विस्कटलेले, म्हणून बाबा तिला झिपरी म्हणत. दार उघडलं की ती मोठ्याने म्हणायची, "आले हं मी!" घरात असायचं कोण? मला आपलं उगाच वाटायचं, माझ्याशीच बोलतेय.

आईच्या हातात मात्र मी कधी सरळ वळले नाही. "मेली हटवादी!" असं ती वैतागून म्हणायची. झिपरी हसायची, "अगं आई, तिला जरा उचलून घे ना."

पाणी शुद्ध करण्याचं शास्त्र शिकायला झिपरीला परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळाला, आणि घरात नुसती धांदल उडाली. निघायच्या दिवशी आईने "पासपोर्ट घेतलास ना?" हे सात वेळा विचारलं. बाबा खाली टॅक्सीत सामान चढवत होते. झिपरीने दार ओढलं, मला फिरवलं आणि इतक्या वर्षांच्या सवयीने खिशात टाकलं. विमान ढगात गेल्यावर तिचा हात खिशात गेला.

"अगं बाई! तू?"

तिकडे आई रात्रपाळी करून सकाळी घरी आली, तर बूट रिकामा. उपडा केला, झटकला, कशाचा काय! बाबा परगावी. बिचारी दुपारी ते परतेपर्यंत जिन्यात बसून राहिली. फोनवर म्हणाली, "पासपोर्ट सातदा विचारला आणि किल्ली एकदाही नाही. कमाल आहे माझी. असू दे, तोवर बाबांची किल्ली बुटात ठेवू. सुट्टीत येशील तेव्हा आण."

तेव्हापासून मी खिशात घुसमटतेय. इथल्या खोलीचं दार कार्डाने उघडतं. त्याला ना दात, ना कणा! बसथांब्यावर, कपडे धुवायच्या मशीनसमोर, प्रयोगशाळेत, जिथे तिथे झिपरीची बोटं मला चाचपत असतात. दिवसभर कुणी तिला नावाने हाक मारत नाही. मला घरी जायचं होतं. तिलाही जायचं होतं, पण ती कबूल करत नव्हती.

मग तिचा तीन महिन्यांचा प्रयोग फसला. सर एवढंच म्हणाले, "पुन्हा पहिल्यापासून करा." खोलीवर येऊन तिने पलंगाखालची बॅग ओढली आणि मला तळहातावर घेतलं. "कुणालाच सांगायचं नाही. गुपचूप जायचं. तू आहेसच दार उघडायला."

खोटं कशाला बोलू? तिच्या शिक्षणावर पाणी पडत होतं आणि मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

बॅग निम्मी भरली, तेवढ्यात आईचा फोन आला.

"अगं, दाराचं लॅच बदललं बरं का. बाबांची किल्ली आतच मोडली, शेवटी तोडावं लागलं."

"मग माझी किल्ली?"

"तिचं काय आता! टाकून दे."

टाकून दे म्हणे! झिपरीला तर रडूच फुटलं. "आई, मी घरी येणार होते. तुम्हाला न सांगता, दार उघडून..."

"चोरासारखी? रिकाम्या घरात?" आईने विचारलं. "शाळेत असल्यापासून तू एकटीच दार उघडून शिरलीस. मला ते अजून टोचतं, बाळा. आता किल्ली नको. उद्या ये नाहीतर शिकून ये, पण बेल वाजव. रजा टाकेन, पण दार मीच उघडणार."

मागून बाबा ओरडले, "झिपरे, गाडी बंद पडली म्हणून कुणी लगेच डेपोत नेत नाही. आधी बॉनेट उघडून बघ की!"

ती रडता रडता हसली. सकाळी बॅग पुन्हा पलंगाखाली गेली आणि ही बया प्रयोगशाळेत बाटल्या विसळायला उभी राहिली, पहिल्यापासून.

मी मात्र चार दिवस धुसफुसत होते. माझं दारच गेलं हो! अजूनही चैन पडत नाही. पण आईचं बोलणं डोक्यातून जात नाही. खरंच, घरात माणूस असताना माझी गरज कुणाला पडली? मी जेव्हा जेव्हा ते दार उघडलं, तेव्हा आत कुणीच नव्हतं.

झिपरे, मला टाकू नकोस. शिकून जाशील तेव्हा मला मुठीत धरूनच बेल वाजव. ते दार आतून कुणी आपल्यासाठी उघडताना मी एकदाही पाहिलेलं नाही.