डाव्या कानावरची सावली

मित्रांनो, मी एक जुनी काळी छत्री आहे. माझ्या काड्यांना अजून गंज नाही, कारण मी जन्मात पाऊस फारसा पाहिलाच नाही. मला आणलं ते दुबईच्या उन्हासाठी. ते ऊन मी अंगावर घ्यायला हवं होतं, घेतलं नाही. तेच मला आत खात असतं.

१९९६ साली सुचित्राबाईंनी मला दुबईतल्याच देराच्या बाजारातून नवऱ्यासाठी आणलं. गुणवंतराव जबल अली बंदराच्या कंटेनर यार्डात सुपरवायझर होते. आदल्या वर्षी मुंबईत त्यांना किडनी बसवली होती, आणि ती सुचित्राबाईंची होती. ती टिकावी म्हणून रोज गोळ्या. तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "या गोळ्या शरीराच्या पहारेकऱ्यांना गुंगीत ठेवतात, नाहीतर ते परकी किडनी मारून टाकतील. पण उन्हानं बिघडलेल्या कातडीच्या पेशी वेचून काढणंही त्यांचंच काम. शिवाय यातली एक गोळी कातडीला उन्हापुढे आणखी हळवी करते. गोळी चुकवायची नाही आणि उन्हात उघडं फिरायचं नाही."

पहिल्याच दिवशी यार्डात मी मोठ्या ऐटीत उघडले. ट्रेलरवरून मुश्ताक ड्रायव्हर ओरडला, "साब, बारिश किधर है?" सगळं यार्ड खो खो हसलं. गुणवंतराव ओशाळले. मला मिटून त्यांनी केबिनच्या खुंटीला टांगलं. "आम्ही कोकणातली माणसं, उन्हातच वाढलो," ते म्हणाले, "आणि हेल्मेट आहे की डोक्यावर!" हेल्मेट म्हणे! डोकं झाकलं, पण कान?

रोज सकाळी सुचित्राबाई मला त्यांच्या हातात द्यायच्या. "उघडता ना हो?" "हो गं बाई, उघडतो." मी सगळं ऐकायचे, पण छत्रीला कुठली वाचा?

शुक्रवार, तिथला सुट्टीचा दिवस, मात्र माझा. दोघं जोडीनं बाजाराला निघायची. ते डावीकडून चालायचे आणि त्या मला त्यांच्या डाव्या कानापर्यंत कलती धरायच्या. बायकोच्या हातातल्या छत्रीला कोण हसतंय? पण आठवड्याचे बाकीचे सहा दिवस तो कान उन्हात भाजायचा आणि मी खुंटीवर गार पंख्याखाली असायचे.

२००३ साली त्या कानावर एक खपली धरली. गळून पडायची, पुन्हा यायची. "अंगातली उष्णता बाहेर पडतेय," गुणवंतराव म्हणाले. मग सब्जाचं पाणी, कोकम सरबत, वरून खोबरेल तेल. "पडू दे बाहेर, चांगलंच आहे," सुचित्राबाईही म्हणाल्या. यात आठ महिने गेले. मग मानेत गाठ लागली.

हॉस्पिटलात डॉक्टर अजरांनी तपासलं. "ये गर्मी नहीं, कॅन्सर है. गर्दन तक पहुँच गया. धूप में छाता नहीं लेते थे?"

"घेतात ना! रोज मी हातात देते," सुचित्राबाई म्हणाल्या.

गुणवंतराव खालमानेनं म्हणाले, "केबिनमध्येच असायची गं. लोक हसायचे."

"हसायचे म्हणून?" एवढंच त्या बोलल्या. मला त्यांनी इतकं घट्ट धरलं होतं की माझी मूठ घामानं भिजली.

पुढच्या वर्षी गुणवंतराव गेले. जाण्याआधीच्या शेवटच्या रिपोर्टात किडनी उत्तम होती. सुचित्राबाईंनी तो कागद त्यांच्या उशाशी बसून वाचून दाखवला. "माझी किडनी ठणठणीत आहे हो," म्हणाल्या आणि ढसाढसा रडल्या.

मित्रांनो, एखादा माणूस भर उन्हात छत्री घेऊन निघाला तर हसू नका रे. त्याच्या पोटात कुणाचा जीव आहे, हे बाहेरून दिसत नाही. आणि तुमच्या घरी कुणी अशा गोळ्या घेत असेल, तर त्यांच्या कातडीवरची न भरणारी खपली लगेच डॉक्टरांना दाखवा. माझ्यासारखीला खुंटीवर ठेवू नका.

आजही शुक्रवारी सुचित्राबाई मला घेऊन बाजाराला निघतात. मुलगी ईश्वरी मागून ओरडते, "ममा, यू आर इन द सन!" खरंच आहे. त्यांचा अर्धा चेहरा उन्हात असतो, कारण मी अजून डावीकडेच कललेली असते. तिथे कुणीही चालत नसतं.