कान त्याचे, बोल मला

मित्रांनो, मी एक जुना स्कॅनर आहे आणि खरं सांगू? आता दमलोय. स्कॅनर म्हणजे नुसता ऐकणारा रेडिओ. दोनशे चॅनेलांवरून दिवसभर धावायचं, कुणी बोलताना सापडलं की थांबायचं, त्याचं संपलं की पुन्हा धावायचं. एकतीस वर्षं हेच चाललंय.

नेवाडातल्या एका लष्करी हवाई तळापासून दोन मैलांवर व्हर्लिन स्ट्राउड राहतो. आयुष्यभर त्याने ट्रक दुरुस्त केले. मला त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीत बसवलं, छपरावर अँटेना चढवली आणि वैमानिकांचं बोलणं वहीत टिपू लागला. या छंदाचा धर्म एकच, आपल्या कानांनी ऐकलं तेवढंच लिहायचं. शनिवारी तळाच्या कुंपणाशी खुर्च्या टाकून बसणारी मंडळी वाद झाला की म्हणत, "व्हर्लिनची वही बघा." माझीही छाती फुगायची. त्याची बायको नदीन मात्र मला सवत म्हणायची.

गेल्या उन्हाळ्यात वहीतल्या ओळी कमी होऊ लागल्या.

"आटपलं याचं. नुसती खरखर," व्हर्लिन म्हणाला. त्याने अँटेनाची तार बदलली, माझी पाठ उघडली, थपडाही मारल्या. आवाज इतका वाढवला की माझा पडदा फाटायची वेळ आली. चोर सोडून संन्याशाला सुळी!

"अरे, चांगला बोलतोय की तो," नदीन म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

शनिवारी त्याने मला कुंपणाशी नेलं आणि मित्राच्या, लेलंडच्या, नव्या कोऱ्या स्कॅनरशेजारी ठेवलं. तेवढ्यात एक वैमानिक तळाला सांगू लागला, "धावपट्टीवर कोल्हा बसलाय. हलत नाही. माझ्यापेक्षा वरच्या हुद्द्याचा असावा." लेलंड एवढा हसला की त्याची कॉफी सांडली.

व्हर्लिनने नव्या यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दोन्ही खरखरतायत," तो हळूच म्हणाला. लेलंडचं हसू थांबलं. दोन यंत्रं एकाच वेळी बिघडत नाहीत, हे ट्रक दुरुस्त करणाऱ्याला कुणी सांगावं लागत नाही.

घरी येऊन त्याने वही खणात टाकली आणि माझी वायर उपटली. तीन आठवडे मी गप्प होतो. विश्रांतीसाठी मी किती झुरलो होतो, पण ती मिळाली तेव्हा गोड लागली नाही. तो खिडकीशी बसून डोक्यावरून जाणारी विमानं नुसती बघायचा. मला फार वाईट वाटायचं.

एका सकाळी पीच सोलता सोलता नदीनने मला चालू केलं. थोडा वेळ ऐकून ती त्याच्या त्यातल्या त्यात बऱ्या, डाव्या कानाशी वाकली आणि ओरडली, "इंधनवालं विमान आलंय. नऊ वीस. लिही."

"मी ऐकलं नाही. लिहिणार नाही."

"मग माझं नाव घाल, हट्टी म्हाताऱ्या! एकतीस वर्षं ही सवत माझ्या स्वयंपाकघरात बडबडतेय. मी काय कानात बोळे घालून बसले होते?"

त्याने खण उघडला, पट्टी घेतली आणि वहीत एक नवा रकाना आखला. वर लिहिलं, 'कोणी ऐकलं'. खाली लिहिलं, 'नदीन'.

मित्रांनो, यंत्र मुकं झालंय असं वाटलं, तर त्याला थपडा मारण्याआधी शेजारच्या माणसाला एकदा विचारा. मी अजून धावतोय, दमतोय. आणि शनिवारी वाद झाला की मंडळी आता म्हणतात, "नदीनला विचारा."