साडूच्या कूलरचा वारा

डांबरी रस्ता संपतो तिथल्या त्या वस्तीत विजेचे खांब आले होते, तारा मात्र आल्या नव्हत्या. उन्हाळ्यात दुपारी पत्र्याखाली बसायचं म्हणजे भट्टीत बसायचं. शिंपी ते सोसत होता, कारण समोरचा न्हावीही तसाच भाजून निघत होता. हा न्हावी त्याचा साडू.

मग साडूने छतावर सोलरच्या प्लेटा बसवल्या. दुकानात कूलर घरघरू लागला. केस कापायचे नसलेले लोकही तिथल्या बाकावर जागा धरू लागले. शिंप्याचं गिऱ्हाईक म्हणायचं, "माप तिकडेच घ्या ना, गार आहे." गळ्यात टेप अडकवून शिंपी निमूट रस्ता ओलांडायचा.

खरा जळफळाट झाला तो बायकोमुळे. "धाकटीकडे जरा बसून येते," म्हणून जायची ती उन्हं उतरल्यावरच उगवायची. वर कौतुक, "भाऊजींनी डोकं चालवलं हो!"

"आमची आपली नुसती कात्री चालते," शिंपी म्हणाला.

एके दिवशी त्याने दुकानावर नवा बोर्ड चढवला, चांगला पुरुषभर उंच. दुकान मावळतीच्या बाजूचं. दुपार कलली तशी बोर्डाची सावली साडूच्या प्लेटांवर गेली आणि कूलर रखडला. बाकावरची मंडळी वर्तमानपत्राने वारा घेऊ लागली. त्या दिवशी शिंप्याला उकाडा जाणवलाच नाही.

चार दिवसांनी साडू दारात उभा. "साडूभाऊ, शिडी देता जरा?"

"कशाला?"

"प्लेटा पलीकडच्या टोकाला हलवतो. तुमच्या बोर्डाची सावली पडते." त्याने मान वर करून पाहिलं. "बोर्ड बाकी झकास हं. लांबून वाचता येतो."

नाही म्हणायला तोंड नव्हतं. शिडी गेली, आणि ती धरायला शिंप्याचीच बायको उभी राहिली. प्लेटा हलल्या. कूलर आता संध्याकाळपर्यंत दमेना.

दुसऱ्या दुपारी शिंप्याच्या कपाळावरचा घाम गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या सदऱ्यावर टपकला. त्याने पुसला, तर मशीनच्या तेलाचा हात लागून डाग आणखी पसरला.

बायको म्हणाली, "अहो, मशीन उचला आणि तिकडे चला."

"त्याच्या दारात?"

"मग बसा सदरे नासवत. वर बोर्ड आहेच मोठा!"

शेवटी तो गेला. साडूने बाक सरकवून जागा केली. मानेवर गार वारा आला आणि इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की शिंप्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.