पांढऱ्या खोक्याला टेकू नका

मित्रांनो, जवळ या, पण माझ्यावर टेकू नका. मी दिसतो तसा राहिलेलो नाही.

मी प्रदर्शनातला एक पांढरा खोका आहे. कलाशाळेत मला पेडेस्टल म्हणतात. कलाकाराने बनवलेली वस्तू ज्याच्यावर मांडतात, तो मी. तुम्ही कधी प्रदर्शनाला गेला असाल, तर मला पाहिलेही असेल. पण मी तुमच्या लक्षात नसेन. त्यात तुमचा काही दोष नाही. माझ्याकडे लक्ष जाऊ नये म्हणूनच मला पांढरा रंग देतात. सध्या मी कलाशाळेच्या मागच्या अंगणात आडवा पडलो आहे. सुतारकाका येऊन ठरवणार आहेत, मला जाळायचे की ठेवायचे. मला भीती वाटते आहे. भीती वाटली की माझे सांगणे पुढेमागे होते, तेवढे सांभाळून घ्या.

मला याच सुतारकाकांनी घडवले. तेव्हा त्यांचे केस काळे होते. आत लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, बाहेरून प्लायवूड, फटी बुजवायला लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली, आणि मग पॉलिशपेपरने घासून घासून गुळगुळीत केलेले अंग. काम झाल्यावर त्यांनी माझ्यावर बूड टेकून चहा घेतला आणि म्हणाले, "हत्ती बसला तरी हलायचा नाही." ते वाक्य मी फार दिवस जपले. आता ते आठवले की मला संकोच वाटतो.

पहिल्या वर्षी माझ्यावर एका म्हाताऱ्याचे दगडी डोके होते. लोक त्याच्यासमोर उभे राहत आणि "अगदी जिवंत आहे" असे म्हणत. पुढे काळ बदलला. मुले नवे काही करू लागली. माझ्यावर मिठाचा ढीग आला, बंद पडलेला टेलिफोन आला, एकदा तर नुसता ओला टॉवेल आला. पाहुणे दबक्या आवाजात एकमेकांना विचारत, "हे झालंय, की अजून मांडायचंय?" मोठ्याने मात्र कोणी विचारत नसे. मलाही सगळे कळले असे नाही. पण जे वर ठेवतील ते नीट धरायचे, एवढे माझे काम होते आणि ते मी केले.

प्रदर्शनात एक दिवस गप्पांचा असतो. शिकून बाहेर पडलेली मुले आपापल्या कामाशेजारी उभी राहतात आणि ते का केले, कसे केले हे लोकांना सांगतात. वर्षभर छिन्नी चालवणाऱ्या मुलांची तेव्हा दातखीळ बसते. मग त्यांचा हात हळूच माझ्या कडेवर येतो. तो ओलसर असतो, थरथरत असतो. अशा किती हातांना मी आधार दिला! मला वाटते, माझ्या आयुष्यातले तेच बरे काम असावे.

आता मुख्य गोष्ट सांगतो. प्रत्येक प्रदर्शनाआधी मला रंगाचा एक हात देण्याची पद्धत होती. वर एक बाजू आणि सभोवती चार, एवढ्यांना रंग मिळे. खालची बाजू जमिनीकडे असते, ती कोण बघतो? मला उलटे करून कोणी पाहिलेच नाही. प्रदर्शन संपले की मला जिन्याखाली ढकलत. तिथे भिंतीतला नळ झिरपत असे. माझ्या तळाला ओल आली. आणि एके दिवशी आतून आवाज यायला लागला. कोणीतरी शांतपणे कागद चघळत बसावे, तसा.

ती वाळवी होती.

मित्रांनो, मार लागला तर निदान खूण दिसते. हे तसे नव्हते. बाहेरून मी पांढराशुभ्र आणि आतून रोज थोडा कमी. यंदा रंगाचा ब्रश फिरला, तेव्हा मी मनात म्हणत होतो, जरा जोरात दाबा, म्हणजे कळेल. पण रंगवणारी मुले घाईत होती. ब्रश वरच्यावर फिरला आणि गेला. "हा बघ, एकदम नवा दिसतोय," एकजण म्हणाला. मला वाटले, मीच भित्रा असेन. एवढी मुले म्हणतात नवा, तर असेनही.

मग भिंगरी आली. हे तिचे खरे नाव नव्हे. घाबरली की ती एका जागी उभी राहत नाही, गोल गोल फिरते, म्हणून वर्गाने तिला ते नाव दिले. तिला तिच्या आत्याने वाढवले होते, लोकांचे कपडे शिवून. भिंगरीने आत्याचे शिवणयंत्र मातीत केले होते, खऱ्याएवढे, आणि भट्टीत न भाजता कच्चेच ठेवले होते. ते उचलायला दोघे लागले. एका बाजूने ती आणि दुसऱ्या बाजूने तिच्या वर्गातला एक उंच मुलगा, ज्याला सगळे बांबू म्हणत.

"हळू रे. चाक धरू नकोस, तुटेल."

"चाक नको, मग धरू काय? मिशा?"

"बांबू, गंमत नको. यात वर्ष गेलंय माझं."

"वर्ष नाही, दगड भरलेत तू यात. ठेव इथे. हा खोका भक्कम दिसतोय."

त्यांनी ते वजन माझ्यावर ठेवले आणि माझ्या आतली एक पट्टी मुकाट्याने मोडली. बाहेर काही ऐकू गेले नाही. भिंगरीने दोन पावले मागे जाऊन पाहिले आणि ती पहिल्यांदा हसली. त्या हसण्याने मी जास्तच घाबरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाळवी बाहेर आली. जमिनीपासून निघून माझ्या दर्शनी बाजूवरून तिने मातीची एक बारीक रेघ वर चढवली, थेट शिवणयंत्राच्या पायापर्यंत. पांढऱ्यावर तपकिरी, लांबून दिसेल अशी. मला हायसे वाटले. आता कोणीही आंधळा नाही, आता कळेलच, असे मी मनाशी म्हटले.

आधी सफाईच्या मावशी आल्या. झाडू घेऊन वाकल्या आणि थबकल्या. "नको रे बाबा," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "मागच्या वर्षी वाळूचा ढीग झाडला, तर सरांनी केवढं सुनावलं. म्हणे, मावशी, ते एका मुलाचं मांडलेलं काम होतं." आणि माझ्याभोवती पडलेल्या मातीच्या कणांनाही धक्का न लावता त्यांनी बाकीची जमीन झाडली.

मग एक नवरा-बायको आले.

"अगं, बघ तरी. वाळवी किती हुबेहूब केलीय."

"आणि आपल्या कपाटाला खरी लागली, तर तुम्ही औषध मारलंत. ठेवली असती तर नाव झालं असतं."

लोक हसले, फोटो काढले आणि पुढे गेले. कच्ची माती, तिला पडत जाणाऱ्या भेगा आणि खाली उतरणारी ती रेघ, सगळे एकाच रंगाचे होते. कोणाला शंका यावी तरी कशी? भिंगरीला वाटले, बांबूने रात्री येऊन तिच्या कामात लुडबूड केली. ती चिडली होती, पण रेघ शोभत होती, म्हणून गप्प बसली. त्या दिवशी दुपारी सर आले. प्रदर्शनाची व्यवस्था त्यांच्याकडे होती. त्यांनी चष्मा वर करून रेघ पाहिली, मान डोलावली आणि कोणी ती पुसू नये म्हणून माझ्यासमोर जमिनीवर पट्टी चिकटवून पाटी ठेवली: 'कृपया हात लावू नये'.

मी काय करणार होतो? माझ्याकडे ओरडायला तोंड नाही. एकच खूण होती, तीही आता पहाऱ्यात ठेवली गेली.

गप्पांच्या दिवशी दालन भरून गेले. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या प्रदर्शनासाठी एक काम निवडायला एक बाई पाहुण्या म्हणून आल्या होत्या. आत्याही आली होती. तिचा गुडघा वाकत नसल्याने सरांनी तिला खुर्ची दिली, अगदी पुढे, माझ्यासमोर. तिने पाय लांब केला. तो पट्टीच्या आत आला, माझ्या पायथ्याशी. वर मणभर माती, खाली तो पाय, आणि मध्ये मी, म्हणजे रंगाचा पापुद्रा. मित्रांनो, तेव्हाची भीती मला सांगता येत नाही. मी फक्त मोजकेच उरलेले लाकूड घट्ट धरून होतो. ते किती वेळ धरेल, हे मला माहीत नव्हते.

भिंगरी बोलायला उभी राहिली. तिचा हात माझ्या कडेवर आला. मी मनात म्हटले, पोरी, आज नको.

"हे आत्याचं मशीन," ती म्हणाली. "भाजलं नाही, कारण... आत्याच्या हातांना भेगा आहेत. तशा यालाही पडू देत, असं वाटलं."

"माझ्या भेगा कशाला सांगतेस चारचौघांत," आत्या पुटपुटली. लोक हसले. भिंगरीचा आवाज जरा मोकळा झाला. ती चांगले बोलत होती. मग पाहुण्या बाईंनी विचारले, "मला सगळ्यात आवडली ती ही वाळवीची रेघ. घर सांभाळणाऱ्या वस्तूला खालून काहीतरी खातंय आणि कोणाला पत्ता नाही. ही कल्पना कधी सुचली?"

सर भिंगरीकडे पाहून हसत होते, म्हणजे हो म्हण. तिला नुसते हो म्हणायचे होते. ती आत्याकडे पाहत होती, आणि आत्या काही न कळूनही अभिमानाने मान हलवत होती.

"मला नाही सुचली," भिंगरी म्हणाली. "ती माझी नाही. बांबूने केली असेल."

"मी?" बांबू मागून म्हणाला. "मला वाटलं तुझीच. दोन दिवस जळतोय मी तुझ्यावर."

पुन्हा हशा झाला.

"सर, मग तुम्ही?"

"मी कशाला करू? मी तर पट्टी लावली."

"आणि मी पहिल्या दिवसापासून तिला जपतेय," दारातून मावशी म्हणाल्या.

हसणे एकेक करून थांबत गेले. भिंगरी खाली वाकली. तिने नखाने रेघ खरवडली. आतून पांढरे किडे धावत सुटले. तिने अंगठ्याने मला दाबले, आणि अंगठा रंगातून आत गेला, जसा सायीत जातो. मला वेदना झाली नाही. तिथे माझे काही उरलेच नव्हते.

ती ओरडली नाही. खालच्या आवाजात म्हणाली, "आत्या, पाय मागे घे."

"अगं, गुडघा—"

"खुर्चीसकट घ्या त्यांना," पाहुण्या बाई म्हणाल्या. आत्याची खुर्ची मागे ओढली गेली. बांबू आणि सर दोन्हीकडून आले, बाईंनीही पदर खोचून हात लावला. त्यांनी मशीन उचलायला घेतले. ते पुरते सुटायच्या आतच मी उजव्या बाजूने आत दुमडलो. माझ्या कडेचा धक्का लागून मशीनचे चाक निखळले, खाली पडले आणि त्याचा चुरा झाला. आत्याचा पाय जिथे होता, बरोबर तिथे.

भिंगरी त्या चुऱ्याकडे बघत राहिली. आत्याने तिचा हात ओढून तिला जवळ घेतले. "रडू नकोस. माझ्या मशीनचंही दर महिन्याला काहीतरी मोडतंच. पण तू हो म्हणाली असतीस ना, तर आज माझा पायच शिवायला लागला असता."

मशीन त्यांनी जमिनीवर ठेवले. उरलेल्या गप्पा सगळ्यांनी खाली बसून केल्या. मला तेवढ्यात उचलून बाहेर आणले, त्यामुळे पुढचे मी ऐकले नाही.

आता सुतारकाका आले आहेत. त्यांच्यामागे भिंगरी आहे.

"जाळलेलाच बरा," काका म्हणतात. "हा आत ठेवला तर बाकीचे खोकेही जातील."

"एकदा बघा तरी, काका."

"मशीनचं काय झालं तुझ्या?"

"त्या पाहुण्या बाई नेणार आहेत मोठ्या प्रदर्शनाला. चाकाशिवाय. जमिनीवरच मांडायचं म्हणाल्या."

काकांनी मला उलटे केले. माझा तळ इतक्या वर्षांत पहिल्यांदा उजेडात आला, आणि मला लाज वाटली. ते बोटाच्या पेराने ठोकत तळापासून माथ्याकडे चालले आहेत. पोकळ. पोकळ. अजून पोकळ. मित्रांनो, ते पुढे जातात तसा मी आक्रसतो आहे.

तुम्हाला उपदेश करण्याइतका मी शहाणा नाही. पण उद्या तुम्ही कुठल्याही जुन्या वस्तूला रंग द्यायला घ्याल, तेव्हा आधी ती एकदा उलटी करून बघा. आणि एखादी गोष्ट कोणाची आहे, ती तिथे का आहे, हे कळले नाही, तर शेजाऱ्याला विचारा. तो हसेल, हसू दे. आमच्या दालनात सगळ्यांना डोळे होते. फक्त विचारायची सगळ्यांना भीती वाटत होती, आणि त्या भीतीपुढे माझी भीती काहीच नव्हती.

टक्.

काका थांबले. त्यांनी तिथेच पुन्हा ठोकले, कान लावला आणि कानावरची पेन्सिल काढून माझ्या अंगावर आडवी रेघ ओढली.

"इथून वरचा शाबूत आहे. खालचा जाळू. वरच्याला सगळीकडून औषध मारू, तळालासुद्धा. बुटका होईल, पण चालेल."

"चालेल," भिंगरी म्हणाली. तिने दोन्ही हातांनी मला घट्ट धरले आहे, कापताना हलू नये म्हणून. तिचे हात थरथरत नाहीत. काकांनी करवत रेघेवर टेकवली आहे. मित्रांनो, आता थोडे मागे सरा.