खुर्चीचं कडवं

वस्तऱ्याचा नवा अल्बम आला त्या आठवड्यात त्याची कंबर धरली होती. त्यामुळे जगाने केलेलं कौतुक त्याने पालथं पडूनच ऐकलं. बायको कंबरेवर गरम पाण्याची पिशवी ठेवी आणि फोनवरची परीक्षणं वाचून दाखवी.

वस्तरा हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. उभी हयात रॅप गाण्यात गेली आणि रॅपमध्ये समोरच्याची बिनपाण्याने करण्यात, तेव्हा ते नाव चिकटलं. आता पन्नाशी उलटली होती, पण नाव काही बोथट झालं नव्हतं.

"'कलावंत आता परिपक्व झाला आहे,'" बायकोने वाचलं.

"म्हणजे म्हातारा झालाय. पुढे?"

"'पहिल्या नऊ गाण्यांत एक संथ, घरगुती शहाणपण जाणवतं.'"

वस्तऱ्याने उशीत तोंड खुपसलं. ती नऊ गाणी काचेच्या भांड्याभोवती गवत भरावं तशी भरलेली होती. भांडं होतं दहावं गाणं. ते बंबासाठी होतं.

बंब म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. एके काळी दोघे जोडीने गात. गावोगावच्या कार्यक्रमांना बंब गाडी चालवी आणि वस्तरा शेजारी बसून ओळी जुळवी. पुढे पोस्टरवर कुणाचं नाव आधी यावं यावरून बिनसलं. मग वस्तऱ्याने गाण्यातून बंबाचं पोट काढलं, बंबाने वस्तऱ्याचे उच्चार काढले, आणि लोकांची करमणूक झाली. घराची झाली नाही. अकरा वर्षं बंब बहिणीच्या घराची पायरी चढला नव्हता.

आता पुढच्या महिन्यात मुलीचं लग्न होतं.

"मामाशिवाय लग्न लागलं तर मी हॉलच्या दारात बसून राहीन," बायकोने सांगितलं होतं. "पाहुण्यांना कारण तुम्ही सांगा."

"तेवढ्यासाठीच तर गाणं केलंय."

"फोन करायचा की सरळ."

"असं नसतं. गाण्यात काढलेलं गाण्यातच मिटवायचं. फोनवर मिटवलं तर लोक म्हणतील, घाबरला."

"कोण लोक?"

"धंद्याचा नियम तो नियम."

गाणं अगदी साधं होतं. बंबा, ये. खिडकीजवळची तुझी खुर्ची रिकामीच आहे, तिच्यावर कुणी बसत नाही. तुझे गुडघे कसे आहेत? दाराच्या पायऱ्यांना कठडा लावून घेतलाय. एवढंच. यमकंसुद्धा मोजकीच. आणि खुर्ची खरोखरच होती. वेताची, रुंद हातांची. घड्या केलेले कपडे ठेवण्यापलीकडे तिचा कुणी उपयोग करत नसे. कठडाही खरोखरच लावला होता. तो लावतानाच कंबर धरली होती.

बायकोने बोट पुढे सरकवलं आणि तिचा आवाज जरा बदलला. "'मात्र दहाव्या गाण्यात जुना वस्तरा परततो. इतका थंड, इतका निर्दय उपरोध गेल्या कित्येक वर्षांत ऐकलेला नाही.'"

वस्तऱ्याने मान वर केली. कंबरेतून कळ गेली.

चाहते तर समीक्षकांच्याही पुढे होते. एकाने त्या कडव्याचा अर्थ लावणारा लांबलचक व्हिडिओ केला. खुर्ची रिकामी आहे, म्हणजे बंबाचं स्थान संपलं. गुडघ्यांची चौकशी, म्हणजे त्याला गुडघे टेकायला लावले. कठड्याशी मात्र तो बराच अडला. शेवटी म्हणाला, हा घाव समजायला आपल्याला अजून दहा वर्षं लागतील. खाली लोकांनी बंबाला श्रद्धांजली वाहिली होती.

बंबाकडून काहीच आलं नाही. गाणं नाही, ओळ नाही. धंद्यात याला हार म्हणतात.

"तुला काय वाटलं ऐकून?" वस्तऱ्याने बायकोला विचारलं.

"मला माफीच वाटली. पण माझं धरू नका. मला तुम्ही 'मीठ दे' म्हणालात तरी आधी टोमणा वाटतो, मग मीठ आठवतं."

कंबर जरा सुटल्यावर तो मुलाखतीला गेला आणि निवेदकाला सरळ म्हणाला, "तो टोमणा नाही. मला माझ्या मेहुण्याची आठवण येते." निवेदक इतका हसला, की त्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. संध्याकाळपर्यंत तो तुकडा सगळीकडे फिरला. वर लिहिलं होतं, पडलेल्यालाही सोडत नाही.

बायकोने तो पाहिला, फोन उपडा ठेवला आणि म्हणाली, "उद्या सकाळी तुमची गाडीची शिकवणी आहे. नाव घातलंय मी."

बंब आता गाडी चालवायला शिकवत असे. वस्तरा आयुष्यभर शेजारच्या सीटवर बसलेला माणूस. क्लच कुठे असतो हेही त्याला ठाऊक नव्हतं. सकाळी तो चालकाच्या जागेवर बसला. शेजारी बंब, पायाखाली शिकवणाऱ्याचा वेगळा ब्रेक.

"आरसा बघ," बंब म्हणाला. अकरा वर्षांतला हा पहिला शब्द.

"बघितला."

"स्वतःला नको बघूस. मागचा रस्ता बघ."

गाडी दोन आचके देऊन बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली.

"ते खुर्चीचं कडवं," बंब समोर बघत म्हणाला, "जबरी होतं. मी तीन दिवस जेवलो नाही नीट. उत्तर लिहायला बसलो, पण सुचेना."

"अरे, खुर्ची खरंच आहे. वेताची. तुझीच."

"हो हो. कळलं."

"कठडा लावलाय मी, बंब्या. तुझ्यासाठी."

"पुरे आता," बंब म्हणाला. त्याने ब्रेकवर पाय ठेवला. गाडी बंदच होती.

खरं बोलून बोलून वस्तरा दमला होता. तो फिरला आणि ओरडायचं ते अगदी हळू म्हणाला, "तीन दिवस जेवला नाहीस? मग पोट कुणाचं आणलंस बरोबर? गाण्यात कायम ठेक्याच्या मागे यायचास, आता माफीच्याही मागे राहिलास. लग्नाला नाही आलास तर जेवण उरेल, म्हणून बोलावतोय. ती खुर्ची ठेवलीय, कारण दुसरी कुठली तुला पेलणार नाही."

हसू दाबता दाबता बंबाचं पोट हलायला लागलं.

"म्हणजे खरंच बोलावतोयस," तो म्हणाला.

"मग आठवडाभर काय सांगतोय मी?"

"नुसतं गोड बोलत होतास. मला वाटलं, कायमचा तोडलास." बंबाने रुमालाने नाक पुसलं. "क्लच दाब. तुझे उच्चार आणि तुझा पाय, दोन्ही वेळेवर पडत नाहीत."

तेवढ्यात सिग्नलला थांबलेल्या कुणीतरी त्यांचा फोटो काढला.

वस्तरा घरी पोहोचेपर्यंत तो फोटो बायकोच्या फोनवर आला होता. चाहत्यांत दोन तट पडले होते. एक म्हणे, स्टिअरिंग कुणाच्या हातात आहे बघा. दुसरा म्हणे, ब्रेक कुणाच्या पायाखाली आहे बघा.

"काय म्हणाला दादा?" तिने विचारलं.

"काही नाही. हॉलला पायऱ्या किती आहेत, विचारत होता."

तिने खुर्चीवरचे घडीचे कपडे उचलले आणि कपाटात ठेवायला नेले.