अंग धरायची पावडर

सकाळची घाई चालली होती. आईने दुधाच्या पेल्यात पावडरचे भरगच्च चमचे टाकले, खळाखळा ढवळलं आणि पेला लेकीच्या तोंडाशी नेला.

"एका दमात पिऊन टाक. रविवारी ते लोक पुन्हा येतायत."

"दमच तर पुरत नाही गं आई."

आई हसली. तिला तो विनोद वाटला.

लेकीला घरात सगळे काडी म्हणत. मागच्या वर्षी हेच लोक तिला पाहून गेले होते. निघताना चपला घालता घालता मुलाच्या आईने निकाल दिला होता, "मुलगी वळणाची आहे हो, पण अंगावर मूठभर मांस नाही. चारचौघांत उभी कशी करायची?" मुलगा स्वतः खुर्चीत मावत नव्हता; पण त्याच्या देहाविषयी कोणी ब्र काढला नाही. जनावरांच्या बाजारातही गिऱ्हाईकाचे दात कोणी तपासत नाही.

काडीचे वडील औषधांचे मोठे संशोधक. बाहेर त्यांना 'सर' म्हणत, आणि घरातही सगळ्यांनी सरच म्हणावं अशी त्यांची इच्छा असे. लेकीला नाकारलं तेव्हा त्यांना पाहुण्यांचा राग आला नाही, लेकीच्या हाडांचा आला. त्याच सुमारास एका कंपनीची अंग धरायची पावडर त्यांच्या प्रयोगशाळेत तपासणीला आली. उंदरांवरचा प्रयोग पुरा होण्याआधीच तिचा एक डबा घरच्या फडताळात येऊन बसला.

प्रयोग सरांच्या सुनेकडे होता. सून त्याच प्रयोगशाळेत काम करायची. डबा पाहून तिने तेव्हाच हटकलं होतं. "तुझं शिक्षण तिकडे ठेवून येत जा," म्हणून सासूबाईंनी तिला गप्प केलं होतं. नवऱ्याने आधी बायकोकडे बघून मान डोलावली, मग आईकडे बघून.

त्या दिवशी सुनेने शेवटच्या उंदरांची हृदयं तपासायला घेतली. एकेक हृदय काढायचं, आतलं रक्त निपटायचं, टिपकागदावर हलकेच टिपायचं आणि नाजूक काट्यावर ठेवायचं. पावडर खाल्लेल्यांची हृदयं बोटांनाच जड लागत होती. पण मोठ्या देहाचं हृदय मोठं असणारच. म्हणून देहाच्या मानाने ते किती, हे काढावं लागतं. सरांच्या शिरस्त्याप्रमाणे तिने हृदयाच्या वजनाला उंदराच्या वजनाने भागलं. सगळं ठाकठीक! पावडर खाल्लेला उंदीर आणि न खाल्लेला उंदीर, दोघेही सारखे.

तिला ते पटेना. तिने प्रत्येक उंदराच्या मागच्या पायाचं नळीचं हाड साफ केलं, त्याची लांबी मोजली आणि हृदयाच्या वजनाला त्या लांबीने भागून पाहिलं. पावडर खाल्लेल्यांची हृदयं चांगलीच फुगलेली होती.

ती तडक सरांच्या खोलीत गेली.

"सर, उंदीर चरबीने फुगलेत. वजनाने भागलं की वाढलेलं हृदय त्या चरबीत लपतं. हाड काही चरबीने लांबत नाही. हाडाच्या लांबीने भागा, मग बघा."

"लठ्ठ झाले की हृदय थोडं वाढायचंच."

"नुसतं तेलकट खाऊन तेवढेच लठ्ठ झालेले उंदीरही आहेत आपल्याकडे. त्यांची हृदयं एवढी नाही वाढली."

सरांनी चष्मा काढून पुसला. "आपल्याकडे आजवर वजनानेच भागत आलोय."

"जाड कोट घालून काट्यावर उभं राहिलं, तर माणसाचं हृदय लहान होतं का, सर?"

"सूनबाई," सर गोड हसले, "तू सही कर. बाकीचं माझ्यावर सोड."

"सही नाही करणार. आणि घरातला डबा आज बंद झाला पाहिजे."

संध्याकाळी तिने काडीचा हात हातात घेतला. नाडी मध्येच अडखळत होती, मग धावत सुटत होती.

"वहिनी, आडवं झालं की श्वास कोंडतो गं. आई म्हणते, लग्नाची धास्ती आहे."

सून डबा उचलायला गेली, तर सासूबाई फडताळाला पाठ लावून उभ्या. "चार दिवस राहिलेत फक्त. लग्न ठरलं की बंद करू. पोरीचं वाटोळं करू नकोस!"

सुनेने डबा हिसकावून मोरीत उपडा केला. पण व्हायचं ते होऊन बसलं होतं.

रविवारी पाहुणे आले. मुलाच्या आईने काडीचा दंड चिमटीत धरून पाहिला, भाजीवाल्याकडचा दुधी पाहावा तसा. "आता कशी भरली! आता शोभेल."

सरांची छाती फुगली. "आमच्याच प्रयोगशाळेतली पावडर आहे."

काडी काही बोलायला गेली. शब्दाऐवजी घरघर आली. ओठ काळेनिळे पडले आणि ती जमिनीवर बसली, ती उठेचना. सून तिला सावरायला धावली. पाहुणे चपलांकडे धावले. "रोगी मुलगी गळ्यात मारत होतात की आमच्या!" हे दारातून ऐकू आलं. पाण्याचा पेला पुढे करायला मात्र त्यांच्यातला एकही थांबला नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून सांगितलं, "हृदय मोठं झालंय, कमजोरही झालंय. जगेल. पुरतं बरं होईल की नाही, आज सांगता येणार नाही."

तेव्हा सरांनी विचारलं, "पण वजनाच्या मानाने... फार मोठं नाही ना?"

सासूबाईंनी आयुष्यात प्रथमच नवऱ्याकडे पाठ फिरवली आणि भिंतीला तोंड करून रडू लागल्या.

दुसऱ्याच दिवशी सुनेने सगळी मापं स्वतःच्या नावाने औषध खात्याकडे धाडली. पावडरची परवानगी अडली. सरांनी तिला प्रयोगशाळेतून काढलं. ती काडीला घेऊन भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला गेली. नवरा सामान पोचवायला आला आणि "बाबांना वाईट वाटेल" म्हणून परत गेला. तिनेही थांबवलं नाही.

महिन्याभराने एक बाई दारात उभी राहिली. मागे किडकिडीत मुलगी, मान खाली.

"सरांच्या सूनबाई ना? ती पावडर मिळेल का हो? हिला बघायला येणार आहेत."

सुनेने तिला बसवून सगळं सांगितलं. आतल्या खोलीत कॉटवर पडलेली काडी दाखवली. बाईंनी हळहळून चुकचुक केलं, डोळ्यांना पदर लावला, आणि मग आवाज खाली करून विचारलं, "मग दुसरी एखादी असेल का?"

कॉटवरून काडी उठली. भिंतीला धरत, थांबत थांबत दारापर्यंत आली आणि त्या मुलीचा हात तिने आपल्या हातात घेतला.

"तू आत ये," ती म्हणाली. "काकू, तुम्ही बाहेर थांबा."